रेषेअलीकडचा श्वास

वस्तरा गळ्यापाशी आला असता मनुष्याने हलू नये, एवढे साधे शहाणपण रत्नपालला बालपणापासून अवगत होते. तरीही तो हलला. हिंगोलीच्या बसस्थानकामागच्या त्या लहानशा सलूनमध्ये सकाळचे ऊन आरशावर उतरले होते आणि आरशाच्या पायथ्याशी, फेसाच्या वाटीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर एकच दृश्य पुनःपुन्हा फिरत होते. ते दृश्य त्याचेच होते. परवा सायंकाळी डोंगरकडा गावच्या मैदानावरून मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना थेट दाखवीत असताना त्याच्या कॅमेऱ्याने ते टिपले होते. त्याचा भागीदार वासिफ याने मागाहून त्याची गती मंद करून ते त्यांच्या चॅनलवर घातले, आणि आता ते अवघ्या जिल्ह्याचे झाले होते. मातीवर आडवा टेकलेला एका मुलीचा चेहरा. मावळतीच्या तिरप्या किरणांत तरंगणारी धूळ, इतकी सावकाश की ती उतरते आहे की चढते आहे हे सांगता येऊ नये. कपाळाला चिकटलेली एक बट. चौकटीबाहेरच्या कशावर तरी खिळलेली दृष्टी. मागे सुवर्णवर्णाचा एक अस्पष्ट विस्तार, ज्यात प्रतिपक्षाच्या मुली, पंच, प्रेक्षक सारेच विरघळून गेले होते. आणि संपूर्ण निःशब्दता.

"तुमीच काढलं ना सर हे?" वस्तरा परजीत सलूनवाला म्हणाला. "काय पोरगी हाय! आमच्या घरी बायको रडली बघून. म्हनली, एका पायाला तिघी लटकल्यात अन् लेकरू कसं शांत हाय बघा. आवाज एकदम गायब केला तुमी, काटाच आला अंगावर."

रत्नपालने नुसता हुंकार दिला. स्वतःची कृती दुसऱ्याच्या हातात पाहताना कलावंताला जे एक चोरटे सुख होते, ते घेत तो त्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. आणि मग त्याची दृष्टी ओठांवर गेली. ते किंचित विलग होते. ते स्थिर होते. कबड्डीत चढाईला गेलेल्या खेळाडूने प्रतिपक्षाच्या अंगणात असेतो एकाच श्वासात 'कबड्डी, कबड्डी' असा घोष अखंड ठेवायचा असतो, तोच दम. दम सुटला की ती बाद, मग तिचे बोट मध्यरेषेला लागो अथवा न लागो. गती कितीही मंद केली तरी त्या ओठांना काही काम असायला हवे होते. ते हलत नव्हते. मोबाइलमधली धूळ हलत होती, बट हलत होती, पापणीची एक कडा हलली. ओठ मात्र देवळातल्या पाषाणमूर्तीच्या ओठांसारखे, काही सांगून झाल्यासारखे किंवा कधीच काही न सांगणारे.

"हलता काहून सर? लागलं ना!" सलूनवाल्याने तुरटीचा खडा शोधला. फेसात रक्ताचा एक थेंब हळूहळू गुलाबी होत पसरला आणि त्याकडेही रत्नपाल, सवयीनेच, क्षणभर रंग म्हणून पाहत राहिला.

बाहेर आल्यावर तुरटीचा दाह गळ्यावर घेऊन तो पायीच निघाला. हळदीची पोती लादलेले टेम्पो शेजारून जात होते आणि त्यांच्या मागे पिवळ्या धुळीची एक रेघ हवेत राहत होती. आपल्याला हे आत्ताच कळले, असे त्याने मनाशी म्हणून पाहिले. वाक्य नीट उभे राहिले नाही. कारण परवा, त्या क्षणी, त्याच्या कानांवर हेडफोन होता. कॅमेऱ्यावर बसवलेला लांब नळीचा माइक ज्या दिशेला रोखावा तिथला आवाज उचलतो आणि बाकीचा गोंगाट दूर ठेवतो. सारे मैदान डीजेच्या तालावर हेलकावत असताना त्या एका मुलीचा घोष रत्नपालला आपल्या कानाशी कुणी कुजबुजावे इतका स्वच्छ ऐकू येत होता. प्रथम तो द्रुत होता. मग प्रतिपक्षाच्या कोपऱ्यावरच्या मुलीने तिचा घोटा धरला, आणखी दोघी तिच्यावर कोसळल्या, ती मातीवर आपटली, तेव्हा तो घोष आखडला, खरखरीत झाला, त्यातली अक्षरे गळून नुसता 'ड्डी, ड्डी' उरला. आणि मग तो थांबला. त्या थांबण्याच्या गाभ्यात काहीतरी इतके अपूर्व होते, अतिशय श्रमांती येणारी एक अशी निर्वात शांती, की रत्नपालच्या अंगावर रोमांच उभे राहिले. पुढच्याच निमिषात डीजेचा आणि समालोचकाचा कोलाहल त्या शांतीत शिरणार हे त्याला ठाऊक होते. त्याचा उजवा अंगठा, त्याला न विचारता, शेजारच्या मिक्सरवरची कळ खाली ओढून गेला. सारे आवाज मावळले. जगाने केवळ तो चेहरा पाहिला. मग खाली कुठेतरी, चौकटीबाहेर, तिच्या बोटाने रेषा गाठली किंवा गाठली नाही. रेषापंचाने हात उंचावला, शिट्टी झाली, तिच्या मैत्रिणींनी तिला उचलून घेतले आणि तिचा संघ एका गुणाने जिंकला.

तर कळले नव्हते असे नाही. कळले होते, पण सौंदर्य म्हणून कळले होते. वस्तुस्थिती म्हणून कळायला एक वस्तरा मध्ये यावा लागला.

घरी पोचतो तोच स्पर्धेचे प्रमुख जळबाराव यांचा फोन आला. हरलेल्या संघाने हरकत घेतली होती. मुलीचे बोट रेषेला लागलेच नाही असे त्यांच्या प्रशिक्षिका कोमल मॅडम यांचे म्हणणे होते. विजयी संघ विभागाच्या स्पर्धेला जायचा असल्याने आजच दुपारी निकाल लावून टाकायचा होता. "तुमची फिल्लम घेऊन या," जळबाराव म्हणाले, "म्हंजे दूध का दूध होऊन जाईल. दोगंबी या, तुमी अन् वासिफमियाँ."

वासिफ गाडी घेऊन आला तो शीळ घालीतच. ती मुलगी, अफशीन, वासिफच्या थोरल्या बहिणीची. या बहिणीचे, अमीरबीचे, नरसीला, नामदेवांच्या देवस्थानाच्या वाटेवर, बांगड्यांचे दुकान होते. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या हातांवर काचेच्या बांगड्या चढवण्यात तिचे आयुष्य गेले होते आणि तिच्याच लेकीचे मनगट, खेळापायी, कायम मोकळे. वयोगटाच्या नियमाने अफशीनचे हे शेवटचे वर्ष. यंदा विभागाला गेली तर पुढची दारे उघडणार होती. न गेली तर पुढल्या वर्षी ती मोठ्या बायकांच्या गटात, जिथे तिला ओळखणारे कुणी नव्हते. हे सारे रत्नपालला ठाऊक होते. सराव संपल्यावर ती दुकानाच्या पायरीवर बसून माठातले पाणी घटाघटा पिताना त्याने पाहिले होते. 'काका, माझा बी फोटो काढा ना शिनेमासारखा,' असे ती एकदा हसत म्हणालीही होती.

"बॅनर टाकलाय छापायला," कळमनुरी मागे पडल्यावर वासिफ म्हणाला. "तोच फोटो. आपाच्या दुकानावर लावायचा. आपा म्हनती, येवढा मोठा नको, गिऱ्हाइकाला बांगड्या दिसायच्या न्हाईत." तो स्वतःच हसला. "तू काहून गप? दाढी करताना कापून घेतलं म्हून?"

"वासिफ, परवा त्या शेवटच्या चढाईला माझ्या कानात—"

"थांब." वासिफने गाडीचा वेग कमी केला नाही, पण स्वर उतरला. "तू काय ऐकलं ते मला सांगू नको. मी मामू हाय तिचा. तू सांगितलं तर मला ते ऐकावं लागंल."

"तुला ठाऊक आहे म्हणजे."

"मला काय बी ठाऊक न्हाई. मी लॅपटॉपवर होतो. तू मिक्सरवरचा आवाज खाली घेतला, मला वाटलं रत्नूनं कमाल केली. आजबी तेच वाटतं." मग, रस्त्याकडे पाहत, "हरकत बोटाची हाय ना? बोटाचं विचारतील. फिल्लम दाव, बोट दिसत न्हाई म्हन, चहा पी, घरी चल. न विचारलेलं सांगायची तुला कुनी तकलीफ दिली?"

केळीच्या बागा सुरू झाल्या. फाटक्या रुंद पानांतून ऊन गाळल्यासारखे गाडीवर पडत होते, उघडत मिटत, उघडत मिटत. आणि त्या लयीत रत्नपालचे मन मागे, सिद्धेश्वरला गेले. त्याचे वडील मुंजाजी धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला केव्हा पाणी सोडायचे आणि केव्हा दार खाली घ्यायचे हे त्यांचे जन्माचे काम. कॉलनीतल्या विहारात ते सायंकाळी ध्यानाला बसत आणि लहानग्या रत्नपालला शेजारी बसवीत. 'श्वास येतो, तो येतो म्हणून पाहावा. जातो, तो जातो म्हणून पाहावा. ओढू नये, ढकलू नये. आपण काठावर बसलेले आहोत.' काठावर बसणे! पुण्यात छायाचित्रणाचे शिक्षण घेताना, नंतर चित्रपटांच्या सेटवर दुसऱ्यांची भिंगे पुसताना, आणि पुढे इथे परतून लग्ने, कुस्त्या, कबड्डी टिपताना त्याने आपल्या साऱ्या विद्येचे मूळ त्या एका शब्दात आहे असे श्रद्धेने मानले होते. खेळ दाखवणारे इतर लोक मैदान दाखवीत. वरून, लांबून, माणसे मोजता येतील असे. रत्नपालला ते पंचनाम्यासारखे वाटे. खेळ मैदानावर होत नाही, तो मुद्रेवर होतो, शरीर जेव्हा आपल्या सीमेपाशी येऊन उभे राहते तेव्हा तिथे जे उजळते ते दाखवणे ही एक प्रकारची पूजा आहे, असे तो मानी. आणि भिंगाच्या मागे उभा राहताना तो खरोखरच चपला काढून ठेवी. वासिफ त्यावरून थट्टा करी. पण लोकांना ते आवडले होते.

मात्र त्याच सिद्धेश्वरच्या घरात वडिलांचा शेवटचा दिवस होता. कालव्याच्या पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश खिडकीतून आत येऊन भिंतीवर, पांघरुणावर, मुंजाजींच्या मुखावर जाळ्यासारखा थरथरत होता. श्वास येत होता, जात होता. येण्यातले अंतर वाढत चालले होते. मग एक गेला आणि त्याच्यामागून दुसरा आला नाही. ओठ किंचित विलग राहिले आणि त्यांच्यावर पाण्याचा तो प्रकाश खेळत राहिला, जणू ओठच काही पुटपुटत आहेत. आई, पद्माबाई, पायथ्याशी बसली होती. डोळ्यांनी तिला अधू दिसे. तिने विचारले, "गेले का रे?" रत्नपालने लगेच उत्तर दिले नाही. ते दुःख आवरत नव्हते म्हणून नव्हे. तो प्रकाश पाहत होता. आईने पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला, "हो." त्या दोन प्रश्नांच्या मधल्या अवकाशात आई एका जिवंत माणसाची पत्नी होती, आणि तो अवकाश त्याने, कुणाला न सांगता, एका सुंदर चौकटीसाठी खर्च केला होता. काठावर बसलेला माणूस पाण्यात पडलेल्याला केव्हा हात देतो, हे वडिलांनी कधी सांगितले नव्हते. कदाचित ते सांगण्याची गोष्ट आहे असे त्यांना वाटले नसेल.

डोंगरकड्याच्या शाळेच्या सभागृहात सतरंजी अंथरली होती. जळबाराव, एकेकाळचे नाणावलेले खेळाडू, आता गुडघे धरून खुर्चीत बसलेले; त्यांच्या शेजारी सामन्याचे पंच; समोर हरलेल्या संघाच्या कोमल मॅडम, तरुण, ताठ, हाताची घडी घातलेल्या. भिंतीपाशी अमीरबी आणि तिच्या खांद्याआड अफशीन. कोपराला पट्टी होती. रत्नपाल आत येताच तिने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

"या, शिनेमावाले या," जळबाराव म्हणाले. "कोमलताई, एक आधी सांगतो. ह्या मैदानाची रीत हाय, माझ्या बापाच्या काळापासून. खेळनाऱ्याला इचारायचं न्हाई. खेळनारा खेळत असतो, त्याला काय दिसतं? अन् खरं सांगितलं तर स्वतःचा गळा कापून घ्यावा लागतो, खोटं सांगितलं तर माती बाटते. म्हून काठावरच्यालाच इचारायचं. व्हय का न्हाई?"

"मान्य हाय," कोमल मॅडम म्हणाल्या. "दावा."

शाळेच्या मोठ्या पडद्यावर तो चेहरा उगवला. खोलीत एक निःश्वास फिरला, जसा तो सर्वत्र फिरत होता. हरकत घेणाऱ्या मॅडमचीही घडी क्षणभर सैल झाली. मग जळबाराव पुढे वाकले.

"काय काढलंय राव! पन रत्नपालराव, आमी रेघ बघायला बसलो अन् तुमी तोंड दावून राहिले. रेघ कुठं हाय?"

"चौकटीच्या खाली राहिली."

"अन् बोट?"

"तेही."

"म्हंजे ज्याच्यासाठी मॅच झाली तेवढं सोडून बाकी समदं घेतलं तुमी," कोमल मॅडम म्हणाल्या. कुणीतरी हसले.

"माझ्या स्टँडवर लावलेल्या मोबाइलवर आक्खं मैदान होतं," वासिफ घाईने म्हणाला, "पन ऐन टायमाला पब्लिक उठून उभं राहिलं. नुसत्या पाठी आल्यात. पाठी बघायच्या असतील तर लावतो."

"पाठी ऱ्हाऊ द्या. आवाज लावा. बोट न्हाई तर न्हाई, दम होता का न्हाई एवढं तर कळंल."

"तिथं आवाज न्हाई मॅडम."

"काहून न्हाई?"

"ते इफेक्ट हाय आमचं. पब्लिकला आवडतं."

"पब्लिकला आवडतं म्हून पोरीचा दम गिळला व्हय तुमी?"

पंच खाकरले. "दम होता. मी तिथंच होतो की."

"सर, डीजे एवढा होता की तुमाला तुमची सोताची शिट्टी तरी ऐकू आली का?"

आता मोकळेपणाने हशा झाला, पंचही हसले. त्या हशात वासिफने रत्नपालकडे पाहिले. ती दृष्टी म्हणत होती, झाले, संपले, चल. आणि खरोखरच सारे संपत आले होते. जळबारावांनी खुर्चीचे हात धरून उठण्याची तयारी केली, आणि मग, अर्धवट उठलेलेच, ते थबकले.

"थांबा जरा. रत्नपालराव, तुमच्या कानाला ते होतं न्हाई का, वाट्यासारखं? त्यात आवाज येत असंल. तुमी तर काठावरचे. सांगा की तुमीच. दम होता का?"

प्रश्न इतका साधा होता, इतक्या विश्वासाने, पाणी मागावे तसा विचारला गेला होता, की रत्नपालला प्रथम आईचाच आवाज ऐकू आला. गेले का रे? पडद्यावर तो चेहरा थिजून राहिला होता आणि त्याखाली, भिंतीशी, तोच चेहरा जिवंत बसला होता. खिडकी डाव्या हाताला होती, उजेड मवाळ होता, ओठ किंचित विलग होते. तिने श्वास रोखून धरला होता. आपल्या अंगठ्याला खिशात काहीतरी शोधताना त्याने पकडले. 'माझे लक्ष चित्राकडे होते' हे उत्तर तयार होते. ते खोटेही नव्हते. 'आवाज मीच बंद केला' हेही खरे होते, आणि खऱ्याच्या आड लपण्याइतके सुरक्षित स्थान दुसरे नाही. एखाद्या मुलीचे भविष्य एका श्वासाएवढ्या अंतरावर तोलावे असा हा न्याय तरी कोणता? कुणाचा दम सुटत नाही? पण मग वासिफचा एक शब्द त्याच्या आत रुतलेला त्याला जाणवला. इफेक्ट. त्या शांतीला ते इफेक्ट म्हणत होते. अंगठ्याने केलेली करामत. जी शांती त्याने प्रत्यक्ष ऐकली, जी त्या मुलीच्या देहातून, तिच्या सीमेपाशी, स्वयमेव उगवली होती, ती लोकांच्या लेखी एक क्लृप्ती ठरली होती. आणि तो गप्प राहिला तर ती कायमची क्लृप्तीच राहणार होती.

"दम सुटला होता," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला हेडफोनमधून आल्यासारखा, फार जवळून, ऐकू आला. "आधी तो थांबला. मग मी आवाज उतरवला. बोट मला दिसले नाही, पण त्याच्या आधी दम सुटला होता."

वासिफ उठला, लॅपटॉपची तार काढली आणि ती हाताभोवती गुंडाळू लागला. गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळू लागला. पडदा निळा झाला. जळबारावांनी पंचांकडे पाहिले, पंचांनी सतरंजीकडे. "काठावरच्यानं सांगितलं," जळबाराव शेवटी जड स्वरात म्हणाले. "मग ती चढाई बाद. मॅच कोमलताईंची. लिहून घ्या." कोमल मॅडमच्या मुखावर विजयाचे चिन्ह नव्हते. त्या जाऊन अफशीनपाशी वाकल्या, तिच्या कोपराच्या पट्टीला हात लावला, "पुढल्या वर्षी—" असे म्हणाल्या आणि वयाचा हिशेब आठवून वाक्य तिथेच सोडून दिले.

आपण सत्य बोललो, हे रत्नपाल ओळखत होता. परंतु ते बोलताना अंतःकरणात ज्याने मान वर केली ते सत्यच होते काय, याची त्याला खात्री देता येईना. तिथे एक लहानसे, तृप्त असे काही होते. शांती खरी होती. ती माझी लबाडी नव्हती. त्या मुलीचे वर्ष त्याने न्यायासाठी दिले की आपल्या चौकटीच्या शुद्धतेसाठी? तो अंगणात आला आणि स्मशानातून परतल्यावर धुतात तसे नळाखाली उगाच हात धुऊ लागला.

अमीरबी त्याच्या पाठीमागून आली. "भाईजान, बराबर केलं तुमी," ती म्हणाली. तिने पदर सावरला आणि ती गाडीकडे गेली. वासिफने दार उघडून ठेवले होते. "रत्नू, तू एसटीनं ये," तो रागाशिवाय म्हणाला. "आज गाडीत जागा न्हाई." गाडीत जागा होती.

अफशीन मात्र नळापाशी थांबली. तिच्या बुटांना परवाची माती अजून होती.

"काका, तुमाला तवाच कळलं व्हतं?"

"हो."

"मला बी." ती नळाच्या धारेकडे पाहत होती. "मला वाटलं, आता शिट्टी वाजंल. वाजली, पन आमच्या बाजूनं. समद्या पोरी अंगावर पडल्या, उचलून घेतलं, मला बोलताच येईना. घरी जाऊन अम्मीला सांगू म्हनलं, तर अम्मी पेढे वाटून राहिली. मंग मामूनं व्हिडिओ दावला." ती किंचित हसली, ते हसू कुठून आले हे तिलाही कळले नसावे. "त्याच्यात आवाजच न्हाई. मी म्हनलं, काकानं ऐकलं असनार. काकानं माझ्यासाठी आवाज बंद केला. कुनाला कळू नये म्हून."

रत्नपालने नळ बंद केला. आता ऐकायला काहीच उरले नाही तेव्हा ती वाट पाहते आहे हे त्याला कळले.

"माझ्यासाठीच केला व्हता ना?"

तो ओल्या हातांनी उभा राहिला. वडिलांच्या ओठांवर थरथरणारा प्रकाश, मिक्सरच्या कळेचा तो गुळगुळीत स्पर्श, रोमांच. 'हो' म्हटल्याने या वेळी कुणाचेच काही जाणार नव्हते. उलट एका लेकराला काहीतरी मिळणार होते. पण सभागृहात ज्याने मान वर केली होती ते आता कुठे गेले, कोण जाणे. त्याच्या मुखातून कोणताच शब्द निघाला नाही. अफशीनने थोडा वेळ त्याच्या ओठांकडे पाहिले. स्वतःचा तो व्हिडिओ पाहून ओठांकडे पाहण्याची तिला आता सवय झाली असावी. मग तिने मान हलवली, समजल्यासारखी, आणि मामाच्या गाडीकडे चालू लागली. अर्ध्या वाटेत ती एका पायाने किंचित लंगडते आहे हे त्याच्या ध्यानात आले. ते परवा चौकटीत आले नव्हते.

हिंगोलीची एसटी भरलेली होती. त्याला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. केळीच्या बागा मागे सरल्या, सूर्य तिरपा झाला आणि बसच्या आतली धूळ परवाच्यासारखीच उजळली. शेजारी एक अनोळखी बाई मांडीवर मोबाइल घेऊन बसली होती. ते दृश्य येणार हे त्याला आधीच ठाऊक होते आणि ते आले. बाईने अंगठा थांबवला. मातीवर आडवा चेहरा, बट, दृष्टी, निःशब्दता. "काय शांत हाय बाई लेकरू," ती कुणालाही न उद्देशता म्हणाली. रत्नपालने ओठांकडे पाहिले नाही. तरी आपला श्वास थांबला आहे हे त्याला छातीत कळले. तो येत नव्हता, जात नव्हता, आणि तो काठावरून ते पाहत होता. दृश्य संपले. बाईने ते सरकवले नाही, म्हणून ते आपोआप पुन्हा सुरू झाले, आणि ती मुलगी पुन्हा मातीवर आपटली, पुन्हा रेषेच्या अलीकडे.